मनाला आळा, पण आकडा कुठाय?

बरेच दिवस हे लिहीन लिहीन म्हणत होतो. 'अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर' अशातला विषय, त्यामुळे दर वीकांताला काहीतरी कारण काढून पुढे ढकलत होतो. शेवटी ज्याच्यामुळे हे सगळं डोक्यात शिरलं त्यानेच परवा "नाव सोडून काय पण लिही" असं म्हटलं, तेव्हा बसलो. थोडं लांबलंय, चहा घेऊन बसा.

महिना-सव्वा महिन्यापूर्वीची गोष्ट. रिलीजची रात्र होती, दोघंही घरूनच काम करत होतो. दीडच्या सुमारास माझा रूममेट लॅपटॉप मिटून माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"एक विचारू? हसणार नाहीस ना?"

मला वाटलं सर्व्हर पडला. पण प्रकरण वेगळं होतं. अठरा दिवसांपूर्वी एका ट्रिपमध्ये त्याचा कुणाशी तरी संबंध आला होता. बाकी काही नाही, फक्त ओरल सेक्स. तेव्हापासून पठ्ठ्या दिवस मोजत होता. मोबाईलच्या टॉर्चने आरशात घसा बघायचा, मानेवरच्या गाठी चाचपायचा, वजनकाट्यावर उभा राहायचा. चार किलो उतरलं होतं (जेवतच नव्हता, उतरणारच). एका डॉक्टरकडे जाऊन आला होता. त्यांनी मान वर न करता "असले उद्योग करावेतच कशाला? तीन महिन्यांनी टेस्ट करा" एवढं सांगितलं आणि फी घेतली.

"मला फक्त आकडा सांग रे. एक टक्का? दहा? पन्नास?"

प्रश्न रास्त होता. एखादा बग किती वेळा येतो हे कळल्याशिवाय आम्ही त्याची प्रायॉरिटी ठरवत नाही. पण मला काय ठाऊक होतं? डास चावल्याने एड्स होत नाही. हात मिळवल्याने होत नाही. एका ताटात जेवल्याने होत नाही. एवढंच शाळेच्या भिंतीवरून पाठ झालेलं. खाली 'कसा होतो' या यादीत पहिल्याच ओळीत 'असुरक्षित लैंगिक संबंध' असं एक भलंमोठं गाठोडं बांधून ठेवलेलं असायचं. त्या गाठोड्यात काय काय आहे आणि कशाला किती वजन आहे, हे कुणी सोडून दाखवलं नव्हतं.

मी म्हटलं, "शोधून सांगतो." आणि शनिवारी आजोळी जायचं होतं म्हणून त्यालाही सोबत घेतलं. घरात एकटा राहिला असता तर गुगल करून करून अजून दोन किलो उतरला असता.

माझं आजोळ कवठे येमाई. तालुका शिरूर. येमाईचं देऊळ, ऊस, आणि तमाशाचं वेड. बाहेरच्यांना तमाशा म्हटलं की नारायणगाव आठवतं, पण आमचं कवठेही काही कमी नाही. तमाशाच्या फडांना वग आणि गाणी लिहून देणारे बशीर मोमीन, म्हणजेच मोमीन कवठेकर, इथलेच. सरकारचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार मिळालेला माणूस. 2021 मध्ये ते गेले. तर रात्री अंगणात गप्पा मारताना मामा सहज म्हणाला, "अरे, आपल्या मोमीनांनी एड्सवर पण लोकनाट्य लिहिलंय की. 'मनाला आळा, एड्स टाळा'."

रूममेटने माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे.

आता इथे एक स्पष्ट करतो. मला मोमीन कवठेकरांना नावं ठेवायची नाहीत, उलट कौतुकच आहे. ज्या काळात शिकलेली माणसं 'एड्स' हा शब्द उच्चारताना आवाज खाली घ्यायची, त्या काळात हुंडा, दारू, बुवाबाजी यांच्या रांगेत हा विषय लोकांसमोर आणायचा म्हणजे धाडसच. मी बोलतोय ते फक्त त्या शीर्षकाबद्दल, कारण ते एकट्या त्यांचं नव्हतंच. सगळ्या देशाने तेव्हा हेच म्हटलं. मनाला आळा घाला. एकनिष्ठ राहा. म्हणजे दोनच खाने: आळा घातलेला माणूस सुरक्षित, न घातलेला मेला. बायनरी.

आणि या बायनरीने दोन्हीकडून घोटाळा केला. एक घोटाळा माझ्या शेजारी खाटेवर बसून नखं कुरतडत होता. दुसरा खूप मोठा आहे. तो समजायला भोसरीला जावं लागतं. आम्ही दुसऱ्या दिवशी मंचरवरून नाशिक रस्त्याने परत आलो तेव्हा भोसरी वाटेतच लागली, आणि तिथल्या एमआयडीसीत काय आहे हे मी त्याला बाईक चालवता चालवता ओरडून सांगत होतो.

पण आधी थोडं मागे. भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला तो 1986 साली मद्रासला. डॉ. सुनीती सोलोमन यांच्या सांगण्यावरून त्यांची विद्यार्थिनी निर्मला हिने सेक्स वर्कर बायकांच्या रक्ताचे नमुने गोळा केले, रात्रीच्या गाडीने वेल्लोरला नेले आणि त्यातले सहा पॉझिटिव्ह निघाले. (या सुनीतीबाई मूळच्या गायतोंडे बरं का. चामड्याचा व्यापार करणारं मद्रासमधलं मराठी कुटुंब. त्यांनी पुढे काढलेल्या संस्थेच्या नावात वडिलांचं 'वाय. आर. गायतोंडे' हे नाव आहे.) त्याच वर्षी मुंबईत एड्सच्या रुग्णाची नोंद झाली. पहिले नमुने सेक्स वर्कर बायकांचे, त्यामुळे देशाने निदान करून टाकलं की हा 'तसल्या' लोकांचा रोग. आपला काय संबंध?

1992 मध्ये पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे 'नारी', सुरू झाली. भोसरीतली. (अलीकडे तिचं नाव बदललंय, पण पुण्यात लोक अजून नारीच म्हणतात.) तिथल्या डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 ते 1996 या काळात पुण्यातल्या गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या 916 बायकांची तपासणी केली. हेच गंगाखेडकर 2020 मध्ये कोविडच्या संध्याकाळच्या पत्रकार परिषदांत आपण टीव्हीवर बघितले. त्या 916 पैकी 525 सेक्स वर्कर होत्या आणि त्यांच्यात निम्म्या, म्हणजे 49.9 टक्के, पॉझिटिव्ह निघाल्या. हे भयंकर होतंच. पण उरलेल्या 391 धंदा न करणाऱ्या बायका. बहुतेक लग्न झालेल्या, बहुतेकींनी आयुष्यात एकाच पुरुषाशी संबंध आलाय असं सांगितलेलं. त्यांच्यात 13.6 टक्के पॉझिटिव्ह. म्हणजे पन्नासच्या वर बायका.

हे सगळ्या पुण्याचं प्रमाण नव्हे, त्या आधीच काही ना काही लैंगिक आजार घेऊन दवाखान्यात आलेल्या होत्या, हे लक्षात ठेवा. तरीसुद्धा. 1997 मध्ये हा निबंध अमेरिकेतल्या 'जामा' या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्याचा सरळ अर्थ असा होता की या बायकांनी मनाला पूर्ण आळा घातला होता. त्यांनी काहीच केलं नव्हतं. जो धोका होता तो घरात होता आणि मंगळसूत्र घालून स्वीकारलेला होता.

मामाकडे त्या रात्री याच बोलण्यातून एक गोष्ट निघाली. पंचक्रोशीतलाच एक ट्रकवाला, नव्वदच्या दशकात गेला. दोन वर्षांनी बायको गेली. गावाने दोन्ही वेळा 'टीबी' म्हटलं. "आणि ती बाई बिचारी वारकरी होती रे," मामा म्हणाला. पुढे काही बोलला नाही.

आता गणित. (ज्यांना आकड्यांचा कंटाळा आहे त्यांनी पुढचा परिच्छेद गाळला तरी चालेल, पण मग रात्री दीड वाजता मला उठवू नका.)

2014 मध्ये अमेरिकन संशोधकांनी तोवरचे सगळे अभ्यास एकत्र करून एक कोष्टक मांडलं. समोरचा माणूस पॉझिटिव्ह आहे, उपचार चालू नाहीत, कंडोम नाही, असं धरून दर दहा हजार वेळांत किती वेळा लागण होईल? दूषित रक्त चढवलं तर 9,250. म्हणजे जवळपास खात्रीच. गुदमैथुनात आत घेणाऱ्याला 138. नशेची सुई वाटून घेतली तर 63. नेहमीच्या स्त्री-पुरुष संबंधात बाईला 8, पुरुषाला 4. आणि मुखमैथुनापुढे? तिथे आकडाच नाही. 'कमी' एवढाच शब्द. मोजता येईल इतक्या केसेसच हाती लागत नाहीत.

बाईचा 8 हा आकडा वाचून रूममेट म्हणाला, "एवढाच?" पण ते एकदाचं झालं. वर्षाला शंभर वेळा धरा आणि संभाव्यतेचं साधं सूत्र लावा, वर्षाला साधारण पावणेआठ टक्के होतात. पाच वर्षांत तेहेतीस. त्यातून नवऱ्याला नुकतीच लागण झालेली असेल किंवा दोघांपैकी कुणाला गुप्तरोगाचे व्रण असतील तर आकडा कितीतरी वाढतो. ती वारकरी बाई एका रात्रीच्या चुकीने गेली नाही. ती लूपमध्ये होती आणि लूपमधून बाहेर पडायची कंडिशन तिच्या हातात नव्हती.

ओरलचा इतिहास मात्र बराच गमतीदार आहे. 2000 सालच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोच्या एका परिषदेत एक टिपण वाचलं गेलं. नुकती लागण झालेल्या शंभरेक पुरुषांपैकी आठ जणांना ती बहुधा ओरल सेक्समधून झाली, असं. जगभरच्या वर्तमानपत्रांनी उचलून धरलं. अडचण अशी की हे सगळं लोकांच्या आठवणींवर आणि प्रामाणिकपणावर उभं होतं. 'फक्त ओरलच केलं' असं सांगणाऱ्याने आणखी काही केलंच नसेल कशावरून? (आपण डॉक्टरला किती खरं सांगतो, मनाशी आठवून बघा.) दोनच वर्षांत त्याच शहरात दुसरा अभ्यास आला. सहा महिने फक्त ओरलच करणारे 239 पुरुष, जवळजवळ सगळे कंडोमशिवाय. नव्याने लागण झालेले: शून्य.

त्याच वर्षी, 2002 मध्ये, माद्रिदहून आलेला अभ्यास मला सगळ्यात आवडला. एक जोडीदार पॉझिटिव्ह आणि दुसरा निगेटिव्ह अशी स्त्री-पुरुष जोडपी. एरवी कंडोम वापरणारी, पण ओरलच्या वेळी नाही. 135 निगेटिव्ह जोडीदारांचा 1990 ते 2000 अशी दहा वर्षं पाठपुरावा केला. एकूण एकोणीस हजारांवर प्रसंग. लागण शून्य.

शून्य आलं म्हणजे धोका शून्य असं होत नाही, हे टेस्टिंग टीममधला कुणीही सांगेल. त्यासाठी आकडेशास्त्रात 'तीनाचा नियम' आहे: n वेळा काहीच घडलं नाही तर खरा दर 95 टक्के खात्रीने 3 भागिले n पेक्षा कमी. 3 भागिले 19,000 म्हणजे दहा हजारात जेमतेम दीड. आणि हा वरचा टोकाचा अंदाज, तोही समोरचा नक्की पॉझिटिव्ह असताना.

इतका कमी का? तर लाळ. लाळेत विषाणूला अडवणारी प्रथिनं असतात, शिवाय ती रक्तापेक्षा पातळ असल्यामुळे विषाणू घेऊन येणाऱ्या पेशी तिच्यात फुगून फुटतात. तोंडात जखम, फोड, रक्त येणाऱ्या हिरड्या असतील किंवा वीर्य तोंडात गेलं तर धोका थोडा वाढतो. ज्याच्यावर ओरल केलं जातं त्याला तर जवळपास नाहीच.

मात्र लगेच टाळ्या वाजवू नका. सिफिलिस, गनोरिया, हर्पिस, एचपीव्ही या मंडळींना लाळेचं काही वाटत नाही. ती तोंडातून आरामात पसरतात. म्हणजे गंमत बघा, माझा रूममेट ज्याला घाबरून अर्धा झाला होता त्याची शक्यता नगण्य, आणि ज्यांची शक्यता खरोखर होती त्यांची नावंही त्याच्या डोक्यात आली नव्हती.

हे सगळं 2002 पासून छापील आहे. मग आपल्यापर्यंत का पोचलं नाही? मराठीत शब्द नाही म्हणून? शब्द आहे, मुखमैथुन. कामसूत्रात तर औपरिष्टक नावाने अख्खा अध्याय आहे. कुणी सांगणारा नव्हता म्हणून? तसंही नाही. र. धों. कर्वे 1927 पासून 1953 पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत होते आणि वाचकांच्या असल्याच प्रश्नांना सरळ उत्तरं देत होते. त्या उत्तरांवरूनच 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांच्या बाजूने कोर्टात उभे होते खुद्द डॉ. आंबेडकर. खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. माझ्या मते आपल्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातले ते सगळ्यात महाग दोनशे रुपये.

आणि एक मोठं कारण आहे, ते मला फार उशिरा सुचलं. ते सुचलं तेही रूममेटमुळेच. भोसरी ओलांडल्यावर आम्ही चहाला थांबलो तेव्हा तो कपाकडे बघत म्हणाला, "ती नव्हती. तो होता."

मी म्हटलं, "बरं." दुसरं काय म्हणणार. मग म्हटलं, "बिस्कीट घे."

तर ते कारण म्हणजे कलम 377. 1860 च्या दंड संहितेत 'निसर्गक्रमाविरुद्ध' संभोगाला थेट जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. निसर्गक्रम म्हणजे काय हे कुणीच लिहिलं नव्हतं. 1925 मध्ये सिंधच्या न्यायालयाने (सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच) ठरवलं की तोंडही त्यात येतं. म्हणजे संमतीने केलेला ओरल सेक्सही कागदोपत्री गुन्हा. त्या कलमात नवरा-बायकोलाही सूट लिहिलेली नव्हती! आता मला सांगा, जी गोष्ट गुन्हा आहे तिचा धोका किती आहे हे सरकारी पोस्टरवर कोण छापणार? 2001 मध्ये लखनौला समलिंगी पुरुषांमध्ये एड्सबद्दल माहिती देणाऱ्या कार्यकर्त्यांना याच कलमाखाली अटक झाली, दीड महिना तुरुंगात होते. दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये दिलासा दिला, सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये तो काढून घेतला आणि अखेर 6 सप्टेंबर 2018 ला संमतीच्या संबंधांना मोकळं केलं. मध्येच 2007 मध्ये महाराष्ट्राने शाळांमधलं लैंगिक शिक्षणही थांबवलं होतं. आमची पिढी नेमकी या फटीत वाढली.

आता औषधांचं. एप्रिल 2004 पासून सरकारी केंद्रांत एचआयव्हीची औषधं मोफत मिळतात. 2011 मध्ये नऊ देशांतल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं की लवकर उपचार घेतले तर जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण 96 टक्क्यांनी घटतं. त्या अभ्यासाच्या केंद्रांत चेन्नई होतं आणि आपलं पुणेही. नंतर 2019 मध्ये युरोपातल्या समलिंगी जोडप्यांच्या अभ्यासात, विषाणू औषधाने दबलेला असताना कंडोमशिवायच्या शहात्तर हजार संबंधांत जोडीदाराकडून एकही लागण आढळली नाही. मोठा धोका पत्करला गेला असेल तर 72 तासांच्या आत सुरू करायचं 28 दिवसांचं औषधही असतं. फक्त ओरलसाठी, रक्त किंवा जखम नसेल तर, डॉक्टर ते सहसा देत नाहीत.

शेहेचाळिसाव्या दिवशी आम्ही सरकारी चाचणी केंद्रात गेलो. मी सुट्टी टाकली होती, कारण 'फॅमिली इमर्जन्सी'. टेबलामागे पन्नाशीच्या एक समुपदेशक बाई होत्या, पदर खोचलेल्या, बाजूला डबा. मला वाटलं आता प्रवचन. बाईंनी रजिस्टर पुढे ओढलं आणि बँकेत पॅन नंबर विचारावा तशा आवाजात विचारायला सुरुवात केली.

"बाईशी की पुरुषाशी?"

"पुरुषाशी."

"मागून की तोंडाने?"

"तोंडाने."

"तुम्ही केलं की त्यांनी?"

"मी."

"तोंडात फोड, जखम, हिरड्यांतून रक्त?"

"नाही."

"मग एचआयव्हीची काळजी फार करू नका, टेस्ट करूच. पण घसा दुखतोय म्हणता ना, सिफिलिस आणि गनोरियाचंही बघून घेऊ. नाश्ता केलाय का? चेहरा किती उतरलाय तुमचा."

तोंडाने. एवढा साधा शब्द होता. मी मुखमैथुन आणि औपरिष्टक करत बसलो होतो.

तास-दीड तासाने निगेटिव्ह म्हणून सांगितलं. बाकीचे रिपोर्टही चार दिवसांत नीट आले. तीन महिने पूर्ण झाले की पक्कं करायला एकदा या, असं बाईंनी बजावलंय. त्याने ती तारीख ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये 'डेंटिस्ट' म्हणून टाकलीय. मॅनेजरने अप्रूव्ह पण केली.